‘पहिला अल्बम’ नेमका कितवा? बीटल्सच्या अमेरिकन रेकॉर्डी आणि माझं कोसळलेलं प्रकरण

गेल्या वर्षी सहामाही प्रगती अहवालाच्या बैठकीत मी वीस मिनिटं बोललो आणि एका प्रश्नात आडवा झालो. आज तीच गोष्ट सांगतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण आत्ता कोर्सवर्क करत असाल किंवा आराखडा लिहीत असाल, आणि माझी चूक तुमच्याही वाट्याला येण्याचा संभव चांगलाच आहे.

माझा विषय ध्वनिमुद्रित संगीताच्या व्यापाराचा इतिहास. त्यातलं एक छोटं प्रकरण बीटल्स या ब्रिटिश बँडच्या अमेरिकेतल्या आगमनावर होतं. साधनं म्हणून माझ्या हाताशी दोन रेकॉर्डी होत्या. माझे मामा शिकायला अमेरिकेत गेले होते, तिथून त्यांनी आणलेल्या. एकीचं नाव ‘मीट द बीटल्स’, दुसरीचं ‘द बीटल्स सेकंड अल्बम’. पहिली जानेवारी १९६४ ची, दुसरी एप्रिल १९६४ ची. पहिलीच्या जाकिटावर तर हा बँडचा पहिला अल्बम आहे असं छापलेलंच आहे. कागदोपत्री पुरावा, तोही मूळ वस्तूवरचा. आणखी काय हवं?

मी गाणी मोजली. ‘मीट द बीटल्स’मध्ये बारा गाणी. त्यातली अकरा बँडच्याच सदस्यांनी लिहिलेली, एकच दुसऱ्याचं. ‘सेकंड अल्बम’मध्ये अकरा गाणी, आणि त्यातली सहा दुसऱ्यांची. ही सहाही आधी कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांनी गाजवलेली किंवा गायलेली : चक बेरी, लिटल रिचर्ड, मिरॅकल्स, मार्व्हलेट्स, बॅरेट स्ट्राँग, डोनेज. या दोन अल्बमांच्या मधे काय घडलं? फेब्रुवारी १९६४ मध्ये बँड पहिल्यांदा अमेरिकेत गेला, ९ फेब्रुवारीला एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात दिसला आणि रातोरात घराघरात पोचला.

माझा सिद्धान्त तयार झाला. जानेवारीत स्वतःची गाणी घेऊन आलेला बँड अमेरिकन बाजार बघून बदलला, आणि एप्रिलपर्यंत अमेरिकन श्रोत्याच्या ओळखीच्या गाण्यांकडे वळला. बाजार कलेला कसा वाकवतो याचं लख्ख उदाहरण! आकडे होते, तारखा होत्या, कारण-परिणाम होता. मी खूश होतो.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ही गाणी मुद्रित कधी झाली?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रेकॉर्ड बाजारात कधी आली हे मला तोंडपाठ होतं. गाणं स्टुडिओत कधी गायलं गेलं, हे मी पाहिलंच नव्हतं.

तारखा मांडल्यावर

त्या रात्री बसून मी तक्ता केला. बीटल्सच्या बाबतीत हे काम अवघड नाही. ईएमआय कंपनीच्या लंडनच्या अ‍ॅबे रोडवरील स्टुडिओच्या नोंदी चांगल्या टिकल्या आहेत, आणि मार्क लुइसन यांनी १९८८ मध्ये त्या दिवसवार मांडणारं पुस्तकच प्रसिद्ध केलं आहे. म्हणजे माझ्या आळसाला तेवढीही सबब नव्हती.

‘सेकंड अल्बम’वरची ती सहा ‘उसनी’ गाणी घ्या. त्यातली पाच जुलै १९६३ मध्ये लंडनला मुद्रित झाली होती. बँडने अमेरिकेच्या जमिनीवर पाऊल ठेवलं ७ फेब्रुवारी १९६४ ला. म्हणजे अमेरिकन बाजार ‘बघून’ गायलेली म्हणून मी जी गाणी दाखवत होतो, ती अमेरिका बघायच्या सहा-सात महिने आधीची निघाली. सहावं, ‘लाँग टॉल सॅली’, तेवढं १ मार्च १९६४ चं. पण तेही बँड क्लबांमधून वर्षानुवर्षं गात आला होता.

आणि ‘मीट द बीटल्स’वरचं सगळ्यात गाजलेलं गाणं, ‘आय वॉन्ट टू होल्ड युवर हँड’? ते मुद्रित झालं १७ ऑक्टोबर १९६३ ला. म्हणजे ‘दुसऱ्या’ अल्बममधली पाच गाणी ‘पहिल्या’ अल्बममधल्या मुख्य गाण्याच्या तीन महिने आधीची. माझा आधी-नंतरचा सगळा डोलारा उलटा होता.

मग ही पाच गाणी गेली कुठे होती? ब्रिटनमध्ये २२ नोव्हेंबर १९६३ ला ‘विथ द बीटल्स’ हा अल्बम निघाला. त्यात चौदा गाणी : आठ स्वतःची, सहा दुसऱ्यांची, एकमेकांत मिसळलेली. कॅपिटॉल या अमेरिकन कंपनीने त्यातली नऊ उचलली, आठही स्वतःची आणि ब्रॉडवेच्या संगीतिकेतलं एक. त्यांना तीन वेगळी गाणी जोडली आणि ‘मीट द बीटल्स’ बांधला. उरलेली पाच, सगळीच्या सगळी कृष्णवर्णीय कलाकारांची, बाजूला ठेवली. एप्रिलमध्ये त्यांच्याभोवती जुन्या-नव्या सिंगल्सवरची वगैरे सहा गाणी रचून दुसरा अल्बम केला.

म्हणजे दोन अल्बमांतला जो फरक मी बँडचा मार्ग बदलल्याचा पुरावा म्हणून दाखवत होतो, तो कंपनीच्या टेबलावर झालेल्या वाटणीचा पुरावा होता. बँडच्या मनात काय चाललं होतं हे त्यातून कळतच नव्हतं.

आणि ‘पहिला अल्बम’? ब्रिटनमधला खरा पहिला अल्बम ‘प्लीज प्लीज मी’, मार्च १९६३ चा. अमेरिकेतही पहिला म्हणायचा तर ‘इंट्रोड्यूसिंग द बीटल्स’, १० जानेवारी १९६४ चा. ‘मीट द बीटल्स’ आला २० जानेवारीला, दहा दिवसांनी. जाकिटावरचा दावा जाकीट छापणाऱ्याचा होता. मी तो जन्मदाखल्यासारखा वाचला.

पण दुसरी कंपनी मधे आली कुठून?

इथे थोडं मागे जावं लागेल, कारण खरा इतिहास इथे आहे.

बीटल्सचं ब्रिटनमधलं संगीत ईएमआयचं. कॅपिटॉल ही अमेरिकन कंपनी १९५५ पासून ईएमआयच्याच मालकीची. तेव्हा बीटल्सची गाणी अमेरिकेत कॅपिटॉलने काढावीत हे सरळ होतं. पण १९६३ मध्ये ब्रिटिश पॉप अमेरिकेत विकलं जात नाही, असा तिथला पक्का समज होता, आणि कॅपिटॉलने बँडच्या सुरुवातीच्या सिंगल्स नाकारल्या. (शेजारच्या कॅनडात मात्र कॅपिटॉलच्याच शाखेने त्याच वर्षी त्या काढल्या. ‘अमेरिकन खंडातली पसंती’ असं ढोबळ वाक्य लिहायच्या आधी हे लक्षात ठेवा.)

मग ईएमआयच्या न्यूयॉर्कमधल्या प्रतिनिधी संस्थेने, ट्रान्सग्लोबलने, दुसरे ग्राहक शोधले. मिळाली शिकागोची व्ही-जे. ही कंपनी व्हिव्हियन कार्टर आणि जेम्स ब्रॅकन या कृष्णवर्णीय दांपत्याने १९५३ मध्ये इंडियानातल्या गॅरी शहरात सुरू केलेली. दोघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून व्ही-जे. ब्लूज, गॉस्पेल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज हा तिचा मुख्य माल. तिने फेब्रुवारी १९६३ मध्ये ‘प्लीज प्लीज मी’ ही सिंगल काढली. पहिल्या प्रतींवर बँडच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा चुकलेलं, एक ‘टी’ जास्त. फारशी विकली गेली नाही. पुढची ‘फ्रॉम मी टू यू’ मुख्य शंभरातही पोचली नाही. व्ही-जे पैशांच्या अडचणीत होती, मानधनाचे हिशेब वेळेवर गेले नाहीत, आणि ऑगस्टमध्ये तिचा परवाना रद्द झाल्याचं तिला कळवण्यात आलं. त्यानंतरचं ‘शी लव्हज यू’ गेलं फिलाडेल्फियाच्या स्वान नावाच्या छोट्या कंपनीकडे. तेही तेव्हा पडलंच.

एवढ्यात ब्रिटनमध्ये बीटल्सचं वेड शिगेला पोचलं. कॅपिटॉलने अखेर होकार दिला आणि २६ डिसेंबर १९६३ ला ‘आय वॉन्ट टू होल्ड युवर हँड’ काढलं. १ फेब्रुवारी १९६४ ला ते बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं.

आता विचार करा. ज्या कंपन्यांच्या कपाटात बीटल्सची एखादी जुनी टेप पडून होती, त्यांचं काय झालं असेल?

सोळा गाणी, वेष्टनं मात्र ढीगभर

व्ही-जेकडे बीटल्सची एकूण सोळा मुद्रणं होती. एवढ्या भांडवलावर तिने जे केलं ते वाचताना मला आमच्या गल्लीतल्या वाण्याची दिवाळी आठवते : तोच चिवडा, कधी अर्धा किलोच्या पिशवीत, कधी फराळाच्या खोक्यात, कधी चकलीबरोबर.

‘इंट्रोड्यूसिंग द बीटल्स’ खरं तर १९६३ च्या उन्हाळ्यातच काढायचा बेत होता. तो राहिलेला अल्बम १० जानेवारी १९६४ ला बाजारात आणला. त्यातल्या दोन गाण्यांचे अमेरिकेतले प्रकाशनहक्क कॅपिटॉलच्या उपकंपनीकडे होते, कॅपिटॉल कोर्टात गेली, म्हणून व्ही-जेने ती दोन काढून दुसरी दोन घातली. त्यामुळे एकाच नावाच्या, एकाच जाकिटाच्या अल्बमात दोन वेगवेगळ्या गाण्यांच्या याद्या सापडतात. काही प्रतींच्या मागच्या बाजूला गाण्यांची यादी आहे, काहींवर कंपनीच्या इतर अल्बमांच्या जाहिराती आहेत, काही चक्क कोऱ्या आहेत. घाई किती होती ते या कोऱ्या पाठीवरून दिसतं.

फेब्रुवारीत आला ‘जॉली व्हॉट!’. नावात बीटल्स आणि फ्रँक आयफिल्ड ‘रंगमंचावर’ असल्याचं म्हटलेलं. आत बीटल्सची चार गाणी, आयफिल्डची आठ, आणि रंगमंचावरचं एकही नाही, सगळी स्टुडिओतली. ऑक्टोबरात ‘द बीटल्स व्हर्सेस द फोर सीझन्स’ : ‘इंट्रोड्यूसिंग’ची रेकॉर्ड आणि फोर सीझन्स या अमेरिकन गटाची एक रेकॉर्ड एकत्र बांधून सामन्यासारखी विकलेली, श्रोत्यांनी गुण द्यावेत म्हणून पाठीमागे तक्ता छापून. त्याच महिन्यात ‘साँग्ज, पिक्चर्स अँड स्टोरीज ऑफ द फॅब्युलस बीटल्स’, आत पुन्हा तीच ‘इंट्रोड्यूसिंग’ची गाणी. दोन्ही कंपन्यांत तडजोड होऊन व्ही-जेला ऑक्टोबर १९६४ पर्यंतच मुदत मिळाली होती. त्या महिन्यात माल का लोटला गेला ते आता उघड आहे.

याहून जुना माल एमजीएमकडे होता. जून १९६१ मध्ये बीटल्सनी जर्मनीतल्या हॅम्बुर्गला टोनी शेरिडन या गायकाच्या मागे वाजवलं होतं. ड्रमवर तेव्हा पीट बेस्ट होता, रिंगो स्टार अजून यायचा होता. ‘माय बॉनी’ नावाची ती रेकॉर्ड जर्मनीत ‘टोनी शेरिडन अँड द बीट ब्रदर्स’ या नावाने विकली गेली. १९६२ मध्ये अमेरिकेत डेक्काने ती त्याच नावाने काढली, कुणी विचारलं नाही. जानेवारी १९६४ मध्ये एमजीएमने तेच मुद्रण पुन्हा काढलं. नाव मात्र उलटं फिरलं : आधी ‘द बीटल्स’, मग ‘विथ टोनी शेरिडन’. या वेळी रेकॉर्ड सव्विसाव्या क्रमांकापर्यंत चढली. पाठोपाठ अल्बम आला. बारापैकी चार गाण्यांत बीटल्स, बाकी दुसरेच.

आवाज तोच, टेप तीच. बदललं ते जाकिटावरच्या नावांचा क्रम आणि अक्षरांचा आकार. मागे वाजवणारे पुढे आले, पुढे गाणारा मागे गेला. एका ओळीत सांगायचं तर वेष्टन बदलणं म्हणजे भूतकाळातली माणसं नव्याने रांगेत उभी करणं.

एक आठवडा, चौदा महिने

आता बिलबोर्डची ४ एप्रिल १९६४ ची प्रसिद्ध यादी घ्या. पहिली पाचही गाणी बीटल्सची. हा विक्रम बहुतेक पुस्तकांत सापडतो, मीही प्रकरणात दिला होता. या वेळी त्याच पाच गाण्यांपुढे मी मुद्रणाच्या तारखा आणि कंपन्या लिहिल्या.

पहिलं ‘कान्ट बाय मी लव्ह’ : जानेवारी १९६४, पॅरिस, कंपनी कॅपिटॉल. दुसरं ‘ट्विस्ट अँड शाउट’ : फेब्रुवारी १९६३, कंपनी टॉली, म्हणजे व्ही-जेचीच उपकंपनी. तिसरं ‘शी लव्हज यू’ : जुलै १९६३, स्वान. चौथं ‘आय वॉन्ट टू होल्ड युवर हँड’ : ऑक्टोबर १९६३, कॅपिटॉल. पाचवं ‘प्लीज प्लीज मी’ : नोव्हेंबर १९६२, व्ही-जे.

ब्रिटिश श्रोत्याने ही गाणी चौदा-पंधरा महिन्यांत एकेक करून ऐकली होती. एक रुळलं की पुढचं. अमेरिकन श्रोत्यासमोर ती एकाच आठवड्यात, कुठल्याही क्रमाशिवाय येऊन पडली. हा विक्रम बँडच्या लोकप्रियतेचा आहेच. पण आधी नाकारलेला माल चार नावांखाली एकदम बाजारात आला, याचाही तो विक्रम आहे. १९६३ मध्ये सगळं वेळच्या वेळी एकाच कंपनीने काढलं असतं, तर पाचही जागा एकदम भरण्याइतकी गाणी त्या आठवड्यात नवी उरली असती का?

चौदाची बारा का झाली?

मॅडमनी पुढच्या भेटीत हा प्रश्न टाकला. मी ‘अमेरिकन अभिरुची’वर भाषण द्यायच्या तयारीत होतो. त्यांनी सुचवलं, आधी हिशेबाची वही बघ.

अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने गाण्याच्या मालकाला दर प्रतीमागे दर गाण्याला दोन सेंट असा दर ठरला होता. ब्रिटनमध्ये हा मोबदला रेकॉर्डच्या किमतीच्या टक्केवारीने ठरे आणि गाण्यांत वाटला जाई. गाणी बारा असोत की चौदा, कंपनीचा खर्च तेवढाच. अमेरिकेत मात्र चौदा गाण्यांचे अठ्ठावीस सेंट, बारांचे चोवीस. एका प्रतीमागे चार सेंट वाचले. दहा लाख प्रतींवर ४०,००० डॉलर. आणि वगळलेली गाणी कुठे जात नाहीत, ती पुढच्या अल्बमला कामी येतात. शिवाय ब्रिटनमध्ये सिंगलवरचं गाणं सहसा अल्बमवर घेत नसत, कारण त्याच गाण्याचे ग्राहकाकडून दोनदा पैसे घेणं बरं दिसत नसे. अमेरिकेत उलट : गाजलेलं गाणं अल्बमवर नसेल तर अल्बम घेणार कोण?

परिणाम बघा. ऑगस्ट १९६६ पर्यंत ब्रिटनमध्ये बँडचे सात अल्बम निघाले होते. तोपर्यंत एकट्या कॅपिटॉलने दहा काढले, निवेदन-मुलाखतींचा एक दुहेरी अल्बम वेगळाच. बँडने काही जास्त काम केलं नव्हतं. वाढली होती ती वेष्टनांची संख्या.

आवाजही जसाच्या तसा गेला नाही. कॅपिटॉलने काही गाण्यांना जादा घुमारा दिला. स्टिरिओ प्रत हाताशी नसेल तेव्हा एकाच मार्गिकेचा आवाज फोडून एका बाजूला खर्ज, दुसऱ्या बाजूला तार असा बनावट स्टिरिओ केला आणि त्याला ‘ड्युओफोनिक’ असं भारदस्त नाव दिलं. मामांच्या रेकॉर्डवर मला जो ‘सुरुवातीच्या बीटल्सचा रांगडा आवाज’ ऐकू येत होता, त्यात लंडनच्या स्टुडिओइतकाच अमेरिकेतल्या मास्टरिंगचा हात होता. माझ्या मसुद्यात त्या आवाजावर एक अख्खा परिच्छेद होता. गेला.

मार्च १९६५ मध्ये कॅपिटॉलने व्ही-जेकडून परत मिळालेली गाणी ‘द अर्ली बीटल्स’ नावाने काढली. दोन वर्षांपूर्वीची गाणी आता ‘आरंभीची’ झाली. जाकिटावरचं छायाचित्र मात्र १९६४ च्या शरद ऋतूतलं, ब्रिटनच्या ‘बीटल्स फॉर सेल’ अल्बमच्या पाठीवरचंच. नाव एका काळाचं, फोटो दुसऱ्या, गाणी तिसऱ्या, विक्री चौथ्या. या एका वस्तूवर ‘१९६५’ असं लिहून तुम्ही पुढे गेलात, तर चारपैकी तीन काळ हातातून निसटले.

मग त्या रेकॉर्डी फेकून द्यायच्या का?

मला तसंच वाटलं होतं. दोन दिवस मी प्रकरणातून अमेरिकन अल्बमांचा उल्लेखच पुसत होतो. जे ‘खरं’ ते ब्रिटिश, जे अमेरिकन ते ‘मोडतोड’, असं सोपं उत्तर घेऊन परत गेलो. मॅडम हसल्या. म्हणाल्या, “आधी साधनावर आंधळा विश्वास, आता आंधळा राग. त्याला काय विचारायचं ते ठरव ना!”

हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. ‘बँड कसा घडला?’ या प्रश्नाला ‘सेकंड अल्बम’ दिशाभूल करणारं उत्तर देतो. पण ‘१९६४ मध्ये अमेरिकेतल्या पोरांनी काय ऐकलं, कुठल्या क्रमाने ऐकलं?’ या प्रश्नाला त्याच्याइतका अस्सल साक्षीदार नाही. लाखो घरांत ‘पहिला अल्बम’ म्हणून ‘मीट द बीटल्स’च वाजला. तिथल्या श्रोत्याला हा बँड आधी भेटला तो स्वतःची गाणी लिहिणारा म्हणून. त्याने डेट्रॉईटच्या आणि शिकागोच्या कृष्णवर्णीय कलाकारांकडून काय शिकलं होतं, ते त्याला तीन महिन्यांनी, वेगळ्या वेष्टनात कळलं. कॅपिटॉलच्या मनात काय होतं हे जाकिटावरून सिद्ध होत नाही, आणि मी ते आता लिहीतही नाही. पण परिणाम वस्तूवर छापलेला आहे : ऋण आणि ऋणको यांची ताटातूट झाली. ज्या अमेरिकेतून ती गाणी लंडनला गेली होती, त्याच अमेरिकेत ती परत येताना ही ताटातूट झाली, हे विशेष.

कधी कधी परदेशी वेष्टनच आधीचं असतं, हेही ध्यानात घ्या. ‘लाँग टॉल सॅली’ आणि ‘आय कॉल युवर नेम’ ही दोन गाणी अमेरिकेत एप्रिल १९६४ मध्ये ‘सेकंड अल्बम’वर आली, ब्रिटनमध्ये ती जूनमध्ये पोचली. ‘मूळ म्हणजे नेहमी मायदेशातलं’ हा नियमही चालत नाही.

आणि ‘खरी यादी’ तरी कधी ठरली? १९६७ मध्ये ‘सार्जंट पेपर्स’पासून दोन्ही देशांतले अल्बम बहुतांशी सारखे झाले. १९८७ मध्ये सीडी निघाल्या तेव्हा ब्रिटिश अल्बम प्रमाण धरले गेले आणि अमेरिकन रचना मागे पडल्या. पुढे २००४ मध्ये त्याच अमेरिकन रचना ‘कॅपिटॉल अल्बम्स’ म्हणून पेटीत बांधून परत विकायला आल्या, २०१४ मध्ये पुन्हा. ज्यांनी लहानपणी ती ‘मोडतोड’ ऐकली होती, त्यांच्यासाठी तीच मूळ होती. वेष्टनाचंही वेष्टन झालं.

व्ही-जेचं काय, हे तुम्ही विचाराल. १९६६ मध्ये तिचं दिवाळं निघालं. ‘बलाढ्य कंपनीने कृष्णवर्णीयांची छोटी कंपनी गिळली’ असं एक वाक्य माझ्या मनात तयार होतं, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा या बँडला तिनेच जागा दिली होती. पण हिशेब न देणं, एकाच मालाला पाच नावं देणं, हेही तिनेच केलं. आपल्याला आवडणाऱ्या पक्षाचाही तक्ता तितक्याच कठोरपणे भरायचा असतो. हे मला अजून जड जातं.

तुमच्या टेबलावर

बीटल्सवर काम करणारे तुमच्यात फार नसतील. पण ही भानगड सगळीकडे आहे. बालगंधर्वांची पदं ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेली. तीच पुढे एलपीवर, कॅसेटवर एकत्र आली. कॅसेटच्या पुठ्ठ्यावरचं वर्ष हे कॅसेटचं वर्ष आहे, गाण्याचं नव्हे. दिवाळी अंकात आलेली कथा काही वर्षांनी संग्रहात येते. आपण संग्रहाचं साल टाकतो आणि लेखक ‘त्या काळात असं लिहीत होता’ म्हणून मोकळे होतो.

तेव्हा पुनर्मुद्रित, संकलित, ‘निवडक’, ‘समग्र’ असं काहीही हातात आलं की मी आता चार रकाने आखतो. हे घडलं कधी? पहिल्यांदा लोकांसमोर कधी आलं? माझ्या हातातल्या रूपात ते कुणी, कुठल्या ग्राहकासाठी बांधलं? आणि बांधताना काय गाळलं, काय जोडलं, काय बदललं? चारही रकाने भरल्याशिवाय मी ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे शब्द वापरत नाही. एखादा रकाना रिकामा राहिला तर तो रिकामाच ठेवतो, अंदाजाने भरत नाही. रिकामा रकाना पुढच्या कामाची यादी असतो.

माझं प्रकरण नंतर नव्याने लिहून झालं. ‘बँडने बाजारासाठी स्वतःला कसं बदललं’ हा विषय गेला. ‘बाजाराने बँडला दुसरा भूतकाळ कसा दिला’ हा आला. पानं जवळपास तेवढीच, साधनंही तीच दोन, मामांची. त्या रेकॉर्डी मी परत द्यायला गेलो तेव्हा मामांना सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं मी दुसरा अल्बम आधी ऐकायला हवा होता?”

मी म्हटलं, “नाही मामा, तुम्ही बरोबर ऐकलंत. मी चुकीचं वाचलं.”